मधली लाल माती

मे महिन्यात दहा दिवस गावी जाऊन आलो. गाव आमचं वाशीम जिल्ह्यात, रिसोडकडच्या बाजूला. गावी गेलो की पहिल्या दिवशी आईच्या हातचं खाणं, दुसऱ्या दिवशी झोप, आणि तिसऱ्या दिवशी शेतात चक्कर, हा ठरलेला कार्यक्रम. यंदा चक्करीला पुतण्या सोबत होता. सहावीत आहे. शाळेने सुट्टीचा प्रकल्प दिलाय, 'आपल्या जिल्ह्याचा इतिहास'.

मी आपला मोठ्या उत्साहाने सुरू झालो. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. सर्वसेनाने ही शाखा सुरू केली, तिच्यातल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही सुंदर लेणी झाली. मग शिरपूरचं जैन मंदिर, वाशीमचा बालाजी, आणि शेवटी १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. पोट्टा मान हलवत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "अन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी म्हणजे?"

"म्हणजे लय आधी. डायनासोर होते का इथी?"

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. तोवर आम्ही विहिरीपाशी आलो होतो. मे महिना, विहीर जवळजवळ कोरडी. कठड्यावरून दोघांनी खाली डोकावलं, आणि मला एकदम १९८६ साल आठवलं.

त्या वर्षी बाबांनी ही विहीर खोदायला घेतली. तेव्हा मीही सहावीतच होतो. वरची काळी माती गेली, मग मुरूम लागला, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. सुरुंग लावायचे, यारीने दगड वर काढायचे, असं कितीतरी दिवस चाललं. पैसे संपत आले होते, आईच्या पाटल्या सावकाराकडे गेल्या होत्या, आणि पाण्याचा पत्ता नव्हता. तेवढ्यात एके दिवशी पाषाणाच्या खाली लाल माती लागली. विटेसारखी लाल, हातभर जाडीची पट्टी, विहिरीच्या चारही अंगांना सारखी. तिच्या खाली पुन्हा काळा पाषाण.

बाबा ते ढेकूळ हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले होते. पाणी का लागेना याची काळजी होतीच, पण त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी घोळत होतं. "खाली दगड, वर दगड, अन् मधात माती कोठून आली?" हा प्रश्न त्यांनी विहीर फोडणाऱ्यांना विचारला, गावातल्या मास्तरांना विचारला. कर्जाच्या कामासाठी विहीर मोजायला एक साहेब आले होते, त्यांनाही विचारला. साहेब हसले. म्हणाले, "तुम्हाला पाणी पाहिजे की माती?" सोबतचे लोकही हसले. बाबा पुढे कोणाला काही बोलले नाहीत. पुढे दहा-बारा फुटांवर पाणी लागलं, पाटल्या सुटल्या, आणि लाल माती विसरली गेली. आईने तेवढी ती पाटीभर घरी आणली आणि कितीतरी वर्षं तुळशीवृंदावनाला गेरू म्हणून लावली.

बाबा २०१४ साली गेले. यंदा पुतण्यासोबत विहिरीत डोकावलो, तर ती पट्टी तशीच दिसली. आणि लक्षात आलं, की पोट्ट्याचा प्रश्न आणि त्याच्या आजोबांचा प्रश्न तसा एकच आहे.

मी बँकेत आकडेमोड करणारा माणूस, भूगर्भशास्त्राशी संबंध शाळेपुरता. पण गेल्या काही वर्षांत या विषयाचं जे मिळेल ते वाचत आलोय. त्यातून जे कळलं ते त्या दिवशी बाभळीच्या सावलीत बसून पुतण्याला सांगितलं. तेच इथे मांडतोय.

आपल्या वऱ्हाडाचा सगळा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो बाहेर आला आणि पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर तो पसरलेला आहे. सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्याही वर जाते. पूर्वेकडे पातळ होत होत नागपूर-चंद्रपूरच्या बाजूला तो संपतो. आता महत्त्वाची गोष्ट अशी, की हा लाव्हा एका दमात आलेला नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग मोठी विश्रांती. त्या विश्रांतीत ऊन-पावसाने दगडाचा वरचा भाग कुजायचा, त्याची माती व्हायची. मग पुढचा लाव्हा यायचा आणि त्याच्या धगीने खालची माती कुंभाराच्या भट्टीतल्यासारखी भाजून लाल व्हायची.

म्हणजे बाबांची लाल माती ही एके काळची जमीन होती. तिच्यावर ऊन पडलं होतं, पाऊस पडला होता. नंतर ती वरून झाकली गेली. काही ठिकाणी अशा विश्रांतीच्या काळात तळी साचली आणि त्यांचा गाळही दोन थरांमध्ये अडकून राहिला. छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलानला अशा गाळात झाडं, फळं सापडली आहेत. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी तर अशा गाळात अनेक ठिकाणी सापडतात. वर आग, खाली आग, आणि मधल्या वेळात गोगलगायी आपल्या संथपणे चाललेल्या!

"पण डायनासोर?" पुतण्याने मुद्दा सोडला नव्हता.

तर डायनासोर. लाव्हा यायच्या आधी मध्य भारतात नद्या होत्या, तळी होती, पूरमैदानं होती. त्यांच्या गाळाचे जे खडक झाले त्यांना लॅमेटा म्हणतात, जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. या गाळात ज्यांची हाडं सर्वात जास्त मिळतात त्यात एक कुळ आहे टायटनोसॉरचं. लांब मान, लांब शेपूट, हत्तीसारखे चार खांब आणि शुद्ध शाकाहारी. अर्जेंटिनातले यांचे भाऊबंद जमिनीवर चाललेल्या सर्वात मोठ्या प्राण्यांमध्ये मोडतात. पॅटॅगोटायटन नावाचा एक तर सुमारे ३७ मीटर लांब होता असा अंदाज आहे. एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक उभ्या करा, तेवढा.

गंमत म्हणजे या सगळ्या खानदानाला नाव मिळालं ते आपल्याकडच्या हाडांवरून. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या स्लीमनला १८२८ साली जबलपूरच्या बारा सिमला टेकडीपाशी काही हाडं मिळाली. ती हातोहाती कलकत्त्याला पोचली. १८७७ साली लायडेकरने त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटनोसॉरस इंडिकस' हे नाव दिलं. पुढे ती हाडं कुठे गेली ते कोणालाच कळेना. मधे २००३ साली विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की त्या मणक्यांत वेगळी जात ठरवावी असं काही खास नाही, तेव्हा 'टायटनोसॉरस' हे नावच टिकत नाही. आणि नंतर २०१२ साली कलकत्त्यालाच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात, हरवलेला मणका पुन्हा सापडला. तो शोधणाऱ्यांत एक होते धनंजय मोहबे, दुसरे तेच विल्सन.

मोहबे यांची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १९८० च्या दशकात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात त्यांना टायटनोसॉरच्या घरट्यातली अंडी आणि त्यांच्याजवळ काही बारीक हाडं मिळाली. ती हाडं पिल्लाची असावीत असं तेव्हा वाटलं. २००१ साली विल्सनने तो दगड पाहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की यातली काही हाडं सापाची आहेत! साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून बसलेला, आणि शेजारी नुकतंच जन्मलेलं पिल्लू. तेवढ्यात वाळूचा लोंढा आला असावा आणि सगळं जागच्या जागी गाडलं गेलं. २०१० साली हा शोध जगापुढे आला. दगड हातात आल्यापासून त्यातली गोष्ट पुरती वाचता यायला पंचवीसेक वर्षं लागली. बाबांच्या ढेकळाला चाळीस लागली, तर काही फार झाली नाहीत असं वाटतं.

आता वाशीमचं. आपल्या भागात डायनासोरची हाडं का मिळत नाहीत? कारण साधं आहे. जुना गाळ उघडा पडतो तो लाव्ह्याच्या कडेला, जिथे पाषाण पातळ आहे किंवा झिजून गेलाय, म्हणजे जबलपूर, गुजरात, नागपूर, चंद्रपूर. आपण पडलो मधात. डोक्यावर गोधडीवर गोधडी टाकलेली. चुलीत सरपण नाही म्हणून कोणी जंगलच नव्हतं म्हणत नाही, तसंच हे.

लोणारचंही सांगितलं पाहिजे, कारण ते आमच्यापासून जवळ, आणि आमच्याकडे अर्ध्या लोकांची समजूत अशी की लोणारला उल्का पडली आणि डायनासोर मेले. पुतण्याचंही तेच. लोणारचा खड्डा पाऊणे दोन-दोन किलोमीटर रुंदीचा, आणि त्याचं वय सुमारे ५.७ लाख वर्षं. डायनासोर तर त्याच्या साडेसहा कोटी वर्षं आधी संपलेले. शिवाय लोणारचा खड्डा पडलाय तोच मुळी या काळ्या पाषाणात. ज्या दणक्यावर डायनासोरांचा शेवट लादला जातो तो मेक्सिकोतला, चिक्शुलूबचा, सुमारे १८० किलोमीटर रुंद. त्याचा हात किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. म्हणजे आपलं लोणार निर्दोष, पण पायाखालचा पाषाण मात्र संशयित!

त्याच सुट्टीत मावशीकडच्या लग्नासाठी वरोऱ्याला जायचं होतं. पुतण्या म्हणाला मीही येतो. वहिनीने विचारलं, "लग्नाले, की दगडं पाहाले?" दोघांनाही खोटं बोलता आलं नाही.

वरोरा म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. पण त्याच तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आहेत, जी जगभरच्या डायनासोरवाल्यांना माहीत आहेत आणि आपल्याला नाहीत. पिसदुऱ्याची हाडं गोळा करणाऱ्या पहिल्या लोकांत होता स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे तोच. स्कॉटलंडचा मिशनरी, पण दगडांचं विलक्षण वेड. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडची पुरातन शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परत येताना पुराच्या पाण्यात तो बुडाला. १८७९ साली लायडेकरने पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून आणखी एक जात सांगितली.

डोंगरगावची गोष्ट अलीकडची. १९८० च्या दशकात कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या सोहन जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी तिथे एकाच प्राण्याचा बराचसा सांगाडा खणून काढला. मान, पाठ, शेपूट, खांद्याची, कमरेची हाडं. आपल्याकडे टायटनोसॉरची हाडं बहुधा सुटी, विखुरलेली मिळतात, म्हणून याचं मोल मोठं. १९९७ साली त्याला नाव दिलं 'टायटनोसॉरस कोल्बर्टी'. २००३ साली टायटनोसॉरस नावच बाद झाल्यावर संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते झालं 'आयसीसॉरस कोल्बर्टी'. सांख्यिकी म्हणजे आकडेमोडीची संस्था, आणि तिच्या नावाने डायनासोर. आम्हा आकडेमोड करणाऱ्यांना तेवढाच अभिमान!

आम्ही सकाळी सहालाच निघालो, कारण नऊनंतर चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात बाहेर थांबणं म्हणजे स्वतःच्या हाताने भट्टीत बसणं. मावसभावाने गाडी काढली. पिसदुऱ्याला काय पाहिलं म्हणाल, तर शेतं. फलक-कमानी शोधायला गेलेल्याची निराशाच होईल. नांगरून ठेवलेली शेतं, धसकटं, आणि कुठे लालसर, कुठे हिरवट झाक असलेली माती. तिथे बांधावर एक आजोबा भेटले. काय पाहून राहिले म्हणून त्यांनी विचारलं. सांगितल्यावर हसले. म्हणाले, "आमी लहानपणी खेळलो त्या गोट्यांनी. मंग साहेब लोक आले, थैल्या भरभरून घेऊन गेले. इचारलं त सांगे, बाबाजी हे शेण होय."

होय, शेण. पिसदुऱ्याची खरी कीर्ती हाडांपेक्षा शेणामुळे आहे. प्राण्यांची विष्ठा दगड होऊन राहते, आणि ती इथे शेतात वर पडलेली मिळते. मॅटली नावाच्या इंग्रजाने १९३९ सालीच तिच्यावर लिहिलं होतं. पण तिच्यातली मोठी बातमी बाहेर आली २००५ साली. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी हे दगडी शेण विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कोणाचं शेण? त्याच थरात टायटनोसॉरची हाडं मिळतात, म्हणून त्यांचंच असावं हा कयास. आत होती वनस्पतींमधली वाळू.

वाळू म्हणजे काय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. ज्वारीची पात हातावरून ओढली तर कापते. कडबा बांधताना आमचे हात ओरखड्यांनी भरायचे. गवताच्या जातीतली झाडं मातीतला सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ, शोषून पेशींमध्ये साठवतात. पान कुजतं, जळतं, पोटातून जातं, तरी हे बारीक कण राहतात. आणि प्रत्येक वनस्पतीच्या कणांचा आकार वेगळा असतो. दगडी शेणात ताड-माड, सूचिपर्णी वगैरेंचे कण होते, ते अपेक्षितच. पण सोबत गवताचे कण होते! एक नाही, निदान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि त्यातले काही भाताच्या, बांबूच्या नात्यातले.

तोवर समजूत अशी होती, की गवत पृथ्वीवर आलं ते डायनासोर गेल्यानंतर. डायनासोरच्या चित्रात हिरवळ काढली तर चित्रकाराची चूक समजायचे. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली. लाव्ह्याआधीच्या विदर्भात गवत होतं आणि डोंगराएवढं जनावर इतर पाल्यासोबत तेही खात होतं. त्याच्या दातांना चावणं माहीत नव्हतं. ओरबाडायचं आणि गिळायचं, बाकी काम पोटाचं. दात झिजले की नवे यायचे. आपल्या बैलासारखं निवांत बसून रवंथ करायची सोय नव्हती.

हे सगळं बोलणं चालू असताना पुतण्याने एक दगड उचलला होता. लांबट, टोकाला निमुळता, मळकट रंगाचा. डोळे चमकत होते. "काका, घेऊ का? प्रकल्पात लावतो."

मला मोह झाला नाही असं म्हणणार नाही. पण आजोबांचं थैल्यांचं बोलणं कानात होतं. स्लीमनची हाडं कलकत्त्याला गेली आणि शतकभर हरवली. पिसदुऱ्यातून गेलेलं शेण कोणीतरी नीट नोंद करून, कोणत्या थरातलं ते लिहून, अभ्यासलं म्हणून गवताचा इतिहास बदलला. तेच आमच्या बैठकीत टीव्हीच्या बाजूला ठेवलं, तर पाच वर्षांनी फक्त एक मळका दगड उरेल. हे मी पुतण्याला माझ्या परीने सांगितलं. त्याला पटलं की नाही माहीत नाही. त्याने दगड खाली ठेवला, पण ठेवताना जिथून उचलला होता त्याच जागी, त्याच कुशीवर ठेवला. मग वहीत त्याचं चित्र काढलं. आजोबा बांधावरून पाहत होते. म्हणाले, "हे पोट्टं हुशार हाय."

मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावी लोक अशाच गोल दगडांची काकर भैरव म्हणून पूजा करत होते, शेत आणि गुरं राखणारा देव म्हणून. ती टायटनोसॉरची अंडी निघाली, २०२३ साली बातम्या आल्या होत्या. त्याच भागातल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. काही जण त्या गावकऱ्यांना हसले. मला हसू आलं नाही. हा दगड इतर दगडांसारखा नाही, एवढं तर त्यांनी साहेबांच्या आधी ओळखलं होतं. माझ्या बाबांनीही ओळखलं होतंच.

गावी परतल्यावर आईला सगळं सांगितलं. लाल माती म्हणजे जुनी जमीन, दोन लाव्ह्यांच्या मधली. ती डायनासोरांच्या शेवटाच्या आधीची की नंतरची, हे ढेकळाकडे पाहून सांगता यायचं नाही, पण एके काळी ती उघड्या आभाळाखाली होती एवढं नक्की. आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "हे तुह्या बापाले सांगाले पायजे होतं."

त्यावर मी काय बोलणार?

थोड्या वेळाने ती उठली आणि वृंदावनापाशी गेली. आता त्याला बाजारातला ऑइलपेंट आहे. एका कोपऱ्यात रंगाचा पोपडा उडाला होता, तो तिने नखाने आणखी थोडा काढला. आत लाल होतं.

पुतण्याने प्रकल्प पूर्ण केलाय. पहिल्या पानावर विहिरीचं चित्र आहे. वर काळा थर, खाली काळा थर, मधात लाल. त्यावर मथळा दिलाय, 'आमच्या आजोबांनी विचारलेला प्रश्न'. वाकाटक पान तीनवर आहेत. मास्तरांना चालेल की नाही, बघू.

तुमच्याही शेतात, विहिरीत असं काही दिसलं असेल, घरातल्या कोणी तेव्हा काही विचारलं असेल, तर आठवून ठेवा. आणि विचारणारं माणूस अजून असेल, तर उत्तर लवकर शोधा.